भावाला मागच्या जन्मात पानिपत सापडलंय, आता काय करू?

रामबागची_लेक

नमस्कार मंडळी. हा धागा इतिहासात टाकावा की आरोग्यात तेच कळेना, शेवटी इथे टाकतेय, चालकांना वाटलं तर हलवा.

माझा धाकटा भाऊ, वय ३१, इंदूरलाच विजय नगरला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. लहानपणापासून बुजरा. म्हणजे किती, तर अजूनही सराफ्यात, म्हणजे इथल्या खाऊबाजारात, गेलो की गराडूची प्लेट मागायला मलाच पुढे करतो आणि स्वतः मागे उभा राहून मोबाईल बघतो. घरात त्याचं नावच 'भित्री भागूबाई' पडलेलं. तर मागच्या पावसाळ्यात त्याची मान धरली. हाडांचे डॉक्टर म्हणाले दिवसभर स्क्रीनपुढे वाकून बसतोस त्याचं आहे, फिजिओ लावला, चार दिवस गेला आणि सोडला. मग ऑफिसातल्या कुणीतरी शहरातल्याच एका 'पास्ट लाइफ' वाल्यांचं (संमोहनाने मागच्या जन्मात नेतात म्हणे) नाव दिलं, दिवाळीच्या आधी याचे तीन सेशन झाले सुद्धा आणि आम्हाला पत्ता नाही.

आता भाऊसाहेबांचं म्हणणं असं की ते मागच्या जन्मी रायाजी नावाचे स्वार होते, अहिल्यादेवींच्या फौजेत, महेश्वरहून निघाले, घोड्याचं नाव मोती, आणि ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपतावर मानेत भाला घुसून गेले. म्हणून मान दुखते. पटापट सगळं जुळलं.

सेशनचं रेकॉर्डिंग त्याने मला ऐकवलं (अभिमानाने!). मला त्यातलं एवढं लक्षात राहिलंय, ते जसंच्या तसं लिहिते. ते गृहस्थ हळू आवाजात म्हणतात, 'दुखतंय तिथे जा. तिथे काय लागलंय?' हा गप्प. 'तलवार आहे की भाला?' बराच वेळ काही नाही, मग हा म्हणतो, 'भाला.' 'कुणाच्या बाजूने लढताय? मराठ्यांच्या?' 'हो.' 'मैदान मोठं आहे?' 'मोठं आहे.' 'पानिपत आहे का?' आणि इथे माझा भाऊ रडायला लागतो. खरं रडणं हो, नाटक नाही, माझ्या अंगावर काटा आला.

तेव्हापासून माणूस बदललाय. मिशी ठेवलीय. रविवारी सकाळी एकटाच राजवाड्यासमोर जाऊन बसतो. पहिल्यांदाच मॅनेजरला तोंडावर सांगून आला की मी शनिवारी येणार नाही. हे चांगलंच की! पण मागच्या आठवड्यात छप्पन दुकानला, खाण्याच्या दुकानांची आमची गल्ली, तिथे एका मुलीला भेटवलं, स्थळ छान होतं, तर याने पहिल्या पंधरा मिनिटांत तिला सांगितलं की माझी बायको गोदा वाट बघत राहिली, तिचं काही केल्याशिवाय मी लग्न करू शकत नाही. मुलगी सभ्य, कॉफी संपवून गेली. आता संक्रांत तोंडावर आलीय आणि हा म्हणतो तिळगुळाला हात लावणार नाही, त्या दिवशी आमचा घात झाला. आईने तीळ निवडायला घेतलेत आणि रडतेय.

हे नुसत्या बोलण्याने असं होऊ शकतं का, की तीन बैठकांत माणूस स्वतःला दुसराच कुणी समजायला लागतो? की याला काही आजार आहे? आणि मी बोलू काय त्याच्याशी?

लष्करवाले_काका

ताई, ग्वाल्हेरहून नमस्कार. आधी शिंदेशाहीतल्या माणसाला जे बोलायचं ते बोलून घेतो मग गंभीर होतो. होळकरांचा स्वार पानिपतावर पडला? मल्हारराव तर विश्वासरावांना गोळी लागल्यावर रंग बघून निघाले! पडले ते आमचे. जनकोजी गेले, महादजी पायावर घाव घेऊन जन्माचे लंगडे झाले, राणेखान भिस्त्याने बैलावर घालून आणलं म्हणून वाचले. तुमच्या रायाजीला म्हणावं पुढच्या सेशनला शिंद्यांच्या बाजूने ये, जागा आहे.

बरं आता खरं. 'अहिल्यादेवींची फौज' हे १७६१ ला बसत नाही. तेव्हा दौलत मल्हाररावांची, ते १७६६ ला वारले (छत्री आमच्याकडेच आहे बरं का, भिंड जिल्ह्यात आलमपूरला), नातू मालेराव वर्षभरात गेला आणि मग १७६७ ला बाईंच्या हाती कारभार आला, महेश्वरला राजधानी त्याच्या नंतरची गोष्ट. १७६१ चा स्वार म्हणेल 'मी सुभेदारांचा माणूस'. अहिल्यादेवी आणि महेश्वर हे कोण म्हणेल? जो इंदूरला लहानाचा मोठा झालाय, जिथे विमानतळापासून युनिव्हर्सिटीपर्यंत सगळ्याला बाईंचं नाव आहे.

आणि ती संक्रांत. लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली हे पक्कं. पण तेव्हा संक्रांत १४ ला नव्हतीच! संक्रांत हळूहळू पुढे सरकते, साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. विवेकानंद जन्मले तो दिवस १२ जानेवारी १८६३, त्या दिवशी संक्रांत होती, कुठल्याही चरित्रात बघा. मग त्याच्याही आधी शंभर वर्षं मागे जा, संक्रांत आणखी अलीकडे येणार, म्हणजे १७६१ ला ती लढाईच्या तीनचार दिवस आधीच होऊन गेलेली. रणावर मेलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक नाही ते आपल्याला, कारण आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन्ही एकाच चौकोनात छापलेलं असतं.

दांडियाबाजार

काकांनी माझं अर्धं काम केलं. मी वडोदऱ्याची, मानसशास्त्रात एमए, काही वर्षं शिकवलंय, आता घरी आहे, म्हणजे डॉक्टर नाही हे आधीच सांगते.

ताई तुम्ही लिहिलेलं संभाषण मी चार वेळा वाचलं. त्यात तुमच्या भावाचे शब्द किती आहेत मोजा. 'भाला', 'हो', 'मोठं आहे'. बाकी सगळं समोरच्याने पुरवलंय. 'तलवार आहे की भाला' हा प्रश्न म्हणजे आई मुलाला विचारते ना, दूध ग्लासात देऊ की कपात, तसा आहे, दूध प्यायचं की नाही हा विषयच संपला. काही लागलेलंच नाही असं म्हणायला जागा ठेवली नाही. आणि त्या गृहस्थांनी हे मुद्दाम केलं असेल असंही नाही, बहुतेकांना स्वतःलाच कळत नाही की आपण कथा रचून देतोय.

शब्दाने आठवण बदलते यावर एलिझाबेथ लॉफ्टस यांचं काम प्रसिद्ध आहे. १९७४ सालचा प्रयोग, लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली, मग काहींना विचारलं गाड्या 'आपटल्या' तेव्हा वेग किती होता आणि काहींना विचारलं 'धडकून चुराडा झाला' तेव्हा किती होता. आठवड्याने परत बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच नव्हतीच फिल्ममध्ये. तरी चुराडावाल्या ५० पैकी १६ जणांना ती 'दिसली' होती, साध्या शब्दवाल्या ५० पैकी ७ जणांना. एका क्रियापदाचा फरक. पुढे १९९५ मध्ये त्यांनी आणखी एक केलं, घरच्यांकडून लहानपणच्या तीन खऱ्या गोष्टी घेतल्या आणि चौथी खोटी घातली, की तू पाचेक वर्षांचा असताना मॉलमध्ये हरवला होतास. २४ पैकी ६ जणांनी ती पूर्ण किंवा थोडीफार स्वतःची म्हणून मान्य केली, काहींनी तर वर तपशील घातले. आणि हे सगळं टक्क जागेपणी, कुणी डोळे मिटायला सांगितलं नव्हतं. त्याला शिथिल करून, तीन बैठका, पैसे भरलेले, मान दुखतेय, उत्तर हवंय, अशा स्थितीत किती होईल विचार करा.

संमोहनाबद्दल एक गैरसमज असतो की समोरचा आपल्या डोक्यात काहीतरी घालतो आणि आपण झोपलेले असतो. झोप नसते ती. लक्ष एका ठिकाणी गोळा झालेलं असतं आणि 'हे खरं आहे का' असं विचारणारा आतला कारकून सुट्टीवर गेलेला असतो, बस. सगळ्यांवर सारखं चालतही नाही. स्टॅनफर्डला १९५९ मध्ये यासाठी मोजपट्टी केली, १२ सूचना द्यायच्या (हात जड होतोय, माशी घोंगावतेय वगैरे) आणि किती लागू पडतात बघायचं. थोड्यांवर जवळपास सगळ्या चालतात, थोड्यांवर काहीच नाही, बाकी मधले. ज्याला गोष्टीत बुडून जाता येतं, सिनेमात रडू येतं, तो साधारण वरच्या टोकाला. तुमचा भाऊ कसा आहे यात?

मागच्या जन्माबद्दल निकोलस स्पॅनोस नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग आहेत, १९९१ च्या सुमाराचे. त्यांनी काही लोकांना सेशनच्या आधी सहज सांगून ठेवलं की जुन्या काळी मुलांवर फार अत्याचार व्हायचे. त्या लोकांच्या 'मागच्या जन्मात' अत्याचार जास्त निघाले. आणि काळाबद्दल साधे प्रश्न विचारले, राजा कोण, नाणं कुठलं, तर चुका, आणि चुका कशा तर आजच्या माणसाच्या. काकांच्या संक्रांतीसारख्याच.

जन्मांतर_यात्री

सगळ्यांना फार घाई झालीय खोटं ठरवायची. व्हर्जिनिया विद्यापीठात डॉ. इयान स्टीव्हन्सन यांनी साठच्या दशकापासून पुनर्जन्माच्या शेकडो केसेस नोंदवल्या, भारतातल्या कितीतरी. ते काय वेडे होते का? आपल्या शास्त्रात जे हजारो वर्षं आहे ते दोनचार परदेशी प्रयोगांनी खोडणार का? मुलाला खरंच रडू आलं हे त्यांच्या बहिणीनेच लिहिलंय.

दांडियाबाजार

स्टीव्हन्सन यांचं नाव काढलंत ते बरं झालं. त्यांचा सगळा भर लहान मुलांवर होता, जी आपणहून बोलतात. संमोहनातून काढलेल्या जन्मांवर त्यांचा स्वतःचाच भरवसा नव्हता आणि तसं त्यांनी लिहिलंय. म्हणजे पुनर्जन्म मानणारा संशोधक सुद्धा या पद्धतीला हात जोडतो. तुमच्या श्रद्धेला मी काही म्हणतच नाहीये.

आणि रडू खरंच होतं, त्यात वाद नाही. सिनेमागृहात रडतो तेव्हाही अश्रू खरेच असतात.

रामबागची_लेक

सगळ्यांचे आभार, एवढं वाचून डोकं गरगरतंय. काकांची संक्रांत मी त्याला अजून सांगितली नाही, धीर होत नाही.

एक शंका मात्र राहतेच. अहिल्यादेवी, पानिपत हे शाळेत झालेलं, मान्य. पण रायाजी आणि मोती ही नावं कुठून आली? ती तर त्या गृहस्थांनी सुचवली नाहीत, रेकॉर्डिंगमध्ये याने स्वतःच सांगितलीत, पटकन, न अडखळता. मला तर असं कुणी माहीत नाही.

दांडियाबाजार ताई, सिनेमाचं विचारलंत, तो जाहिराती बघून रडतो.

दांडियाबाजार

मग आईला विचारा. खरंच. १९५२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या पुएब्लो गावी व्हर्जिनिया टाय नावाच्या बाईंना एका हौशी संमोहनवाल्याने मागे मागे नेलं आणि त्या आयरिश उच्चारात बोलायला लागल्या, मी ब्रायडी मर्फी, १७९८ चा कॉर्कमधला जन्म. पुस्तक निघालं १९५६ ला, गावोगाव लोक 'मागच्या जन्मातले कपडे घालून या' अशा पार्ट्या करायला लागले. आयर्लंडमध्ये नोंद काही सापडली नाही. पण शिकागोच्या एका वर्तमानपत्राने शोधलं तर व्हर्जिनिया लहानपणी राहायची त्या घरासमोरच एक आयरिश बाई राहायच्या, त्यांचं माहेरचं नाव मर्फी आणि पाळण्यातलं ब्रायडी. ऐकलेलं राहतं, कुठे ऐकलं ते पुसून जातं. मग ते परत वर आलं की अगदी स्वतःचं वाटतं.

शाळामास्तरीण

मी इंदूरचीच, सुदामा नगर. वीस वर्षं शाळेत काढलीत तर थोडं कडू लिहिते, रामबाग ताई राग मानू नका.

सगळे त्या सेशनवाल्याच्या मागे लागलेत. त्याने तीन बैठकांत त्याला स्वार केला, बरोबर. पण त्याच्या आधी तीस वर्षं घरात रोज एक सेशन चालू होतंच ना, 'भित्री भागूबाई'वालं? ती सूचना नव्हती? त्याने कधी निवडलं होतं का मला भित्रा व्हायचंय म्हणून? सराफ्यात तुम्ही पुढे झालात तेव्हा प्रत्येक वेळी त्याला एक पुरावा मिळाला की आपण असेच.

वर्गात हे रोज बघते हो. एखाद्या पोराला पहिलीत 'ढ' म्हटलं की पाचवीपर्यंत तो ते प्रामाणिकपणे निभावतो. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या शाळेत प्रयोग झालेला, पाचवीच्या एका वर्गाला सांगत राहिले की कचरा टाकू नये, स्वच्छता राखावी, दुसऱ्याला सांगत राहिले की तुम्ही फारच टापटीप मुलं आहात बुवा. नंतर चॉकलेटं वाटली आणि कागद कुठे जातात ते बघितलं. उपदेशवाल्यांचे खाली, टापटीपवाल्यांचे डब्यात. आणि आपल्याकडचा तर जास्त लागतो मनाला. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैया कोडी सोडवायला दिली. जात कुणी काढली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या म्हणवल्या जातींच्या मुलांनी सारखीच सोडवली. मग सगळ्यांसमोर नावासकट जात वाचून दाखवली, तर दलित मुलांची कोडी सुटायची कमी झाली. २००६ ला छापून आलंय. पोरं तीच, डोकं तेच. फक्त तू कोण आहेस ते मोठ्याने वाचलं.

तर मला विचाराल तर त्याला रायाजी का हवा होता हा प्रश्न आहे. ज्याला कधी कुणी शूर म्हटलं नाही त्याला कुणीतरी एकदा म्हटलं.

लष्करवाले_काका

मास्तरीणबाई, बोललात खरं पण जरा हळू. बहीण आहे ती, तिने पुढे होऊन प्लेट आणली ती मायेनेच ना.

निशाचर_७

माझं थोडक्यात आणि कामाचं. भिया, त्याची झोप कशी आहे, जेवण, ऑफिसला वेळेवर जातो का? सेशनच्या बाहेर आवाज ऐकू येतात का, कुणी मागे लागलंय असं म्हणतो का? हे असेल तर मग मागचा जन्म वगैरे बाजूला, सरळ मनोविकार डॉक्टर. नसेल तर घाबरू नका पण पुढचं पॅकेज घेऊ देऊ नका, हे लोक दहा सेशनचं पॅकेज लावतात, मग गोदाच्या मुक्तीचं वेगळं. माझ्या मामेभावाचे यातच बाइकएवढे पैसे गेलेत. बोर्डावर काय लिहिलंय त्याला अर्थ नाही, पास्ट लाइफ थेरपिस्टचा बोर्ड कुणीही लावू शकतं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, नंबर मागा. आणि कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि फिजिओ परत लावा यार. चार दिवसांत कुणाची मान बरी होते?

रामबागची_लेक

उशिरा लिहितेय, माफ करा, संक्रांत झाली, पाहुणे होते.

निशाचर, झोप-जेवण सगळं ठीक, आवाज वगैरे काही नाही, ऑफिस चालू. पॅकेजचं खरं निघालं, त्याने ॲडव्हान्स दिला होता, पुढचे थांबवतो म्हणालाय. मास्तरीणबाई, त्या दिवशी तुमचा प्रतिसाद वाचून मी फोन पालथा ठेवून दिला होता. दोन दिवस काही लिहिलं नाही. एवढंच सांगते की घरात ते नाव आता कुणी घेत नाही, मी आईलाही सांगितलं.

आता मोतीचं ऐका. आईला विचारलं, ती वड्या थापत होती, मान वर न करता म्हणाली, अगं मोती म्हणजे आजोबांच्या टांग्याचा घोडा. म्हणजे त्यांचा नव्हे, टांगेवाला ठरलेला होता, स्टेशनवरून रोज आणायचा त्याचा. आणि रायाजी? तर म्हणे ती त्यांची घास भरवायची गोष्ट. हा जेवायला फार छळायचा, मी तेव्हा शाळेत जायला लागलेले, दुपारी घरी हे दोघंच, तर आजोबा चिऊकाऊऐवजी, 'हा घास रायाजीचा, हा घास मोतीचा, आता रायाजी दौडला' असं करत भाताची वाटी संपवायचे. हा तीन-साडेतीन वर्षांचा असेल. आजोबा त्याच्या चौथ्या वर्षी गेले. आईला तो ताल अजून पाठ आहे, तिने तो तिथल्या तिथे म्हणून दाखवला, हाताला तीळ लागलेले तसेच.

मी त्याला सांगितलं. काकांची संक्रांत पण सांगितली, विवेकानंदांसकट. वाटलं होतं चिडेल. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग आईला म्हणाला परत म्हण ते घासाचं. तिने म्हटलं. मग मला विचारतो, 'पण ताई, आजोबांना रायाजी कुठून माहीत होता?'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. मिशी आहे तशीच आहे. गोदाचं नाव आठवडाभर निघालेलं नाही. तिळगुळाच्या दोन वड्या खाल्ल्या, एक आजोबांची म्हणून. शनिवारी फिजिओची वेळ घेतलीय, फोन त्याने स्वतः केला.

लष्करवाले काका, त्याला तुमच्याशी पानिपताबद्दल बोलायचंय, म्हणतो होळकर असे कसे निघाले ते मला नीट समजून घ्यायचंय. चालणार असेल तर नंबर व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवा.